‘आपण’मध्ये कोण कोण

लिंबं, मीठ-साखरेची पाकिटं आणि सोनलला गाडी लागू नये म्हणून गोळ्या, एवढंच आणायला मी त्या बुधवारी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात गेले होते. फाउंडिंग डेची, म्हणजे इथल्या राज्याच्या स्थापनादिनाची सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली होती आणि शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला न विचारता कुठल्याशा धरणाच्या तलावावरची हाउसबोट बुक करून टाकली होती. वाळवंटात राहून बोटीवर सुट्टी घालवायची, ही कल्पना इंजिनियरलाच सुचू शकते. मी थोडी कुरकुर केली, पण लिंबं घेऊन आले. प्रवासाला लिंबू लागतंच.

आम्ही आखातात, रास तनुराजवळच्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे कुंपणाच्या आतल्या वसाहतीत राहतो. मी मूळची नाशिकची, तिथे शाळेत मराठी शिकवायचे. इथे आल्यावर नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. दर शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून कंपाउंडमधल्या पोरांना मराठी शिकवते. इतरांची पोरं चार ओळी नीट लिहायला लागली आणि माझी स्वतःची मात्र जिथल्या तिथे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सोनल आठ वर्षांची. मी मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार. फारच डोळे वटारले तर हिंदीत.

तिची एक चूक तर काही केल्या जाईना. इंग्रजीत ‘वी’ एकच आहे, आपल्याकडे दोन. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. ‘आपण बाजारात जाऊ’ म्हटलं की ऐकणाऱ्याने चपला घालाव्यात. ‘आम्ही बाजारात जातो’ म्हटलं की त्याने घर सांभाळावं. इतकं सोपं. पण सोनलसाठी सगळं जग ‘आपण’. नाशिकला फोनवर सांगायची, आजी, आपण काल मॉलला गेलो. आजी विचारायची, मी कधी आले गं बाळा? सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. एकुलती एक पोर. मोठी झाल्यावर ही मनातलं बोलेल ते भलत्याच भाषेत, आणि मी दाराबाहेर उभी राहीन, ही माझी खरी भीती होती.

विमानाने नैर्ऋत्येच्या डोंगरांत उतरलो, तिथून भाड्याच्या गाडीने घाट उतरून धरणाशी पोचलो. धरणाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे चार लोकांचं पोट आहे. एरवी वर्षातून एखाद्या दिवशी पाणी धावायचं अशी ती वादी, म्हणजे कोरड्या नदीची दरी, दोन्ही बाजूंना उभे तांबडे कडे, आणि मध्ये हे हिरवं, जाडसर, न हलणारं पाणी. काठाकाठाने खजुरीचे मेलेले बुंधे पाण्याबाहेर डोकावत होते. खाली गाव होतं. धरण झालं तेव्हा माणसं वर पठारावर नेऊन वसवली, झाडं खालीच राहिली. हे आम्हाला बोटवाल्या जुनैदने सांगितलं. जुनैद श्रीवर्धनकडचा, पन्नाशीचा, बोलका. मराठी ऐकल्यावर त्याने माझ्या हातातली पिशवीसुद्धा काढून घेतली आणि मी वहिनी झाले.

हाउसबोट म्हणजे काय, तर पाण्यावर ठेवलेला पोर्टा केबिन. दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत, बोटभर स्वयंपाकघर आणि पुढे सज्जा. जुनैदने ती दरीच्या एका वळणात नेऊन कड्यातल्या लोखंडी कडीला दोराने बांधली. कुटुंबवाले असले की कामगारांनी बोटीवर राहायचं नाही असा नियम, त्यामुळे तो लहान होडीने धक्क्यावर परत जाणार आणि सकाळी न्यायला येणार. जाता जाता म्हणाला, “वहिनी, पोरीला वरडू द्या की. ही दरी बोलते. लोक त्यासाठीच येतात.”

त्याच्या होडीचा आवाज वळणापलीकडे गेला आणि मग जी शांतता पडली ती कानांत दडा बसल्यासारखी. पाण्याला वास होता. बरेच दिवस न घासलेल्या रांजणाच्या तळाला येतो तसा. ऊन अजून होतं, पण कड्यांची सावली बोटीवर सरकत आली होती. मला उगाच उठबस करावीशी वाटत होती. चहा केला, तो कुणी प्यायला नाही.

सोनल सज्ज्यात उभी राहून ‘हॅलो’ ओरडली. दरीतून हॅलो, हॅलो, लो, असं परत आलं. शिरीषने शीळ घातली, तीही परत आली. मग माझ्यातली बाई जागी झाली. म्हटलं, दरीशी तरी मराठीत बोल की.

“आपण आलो,” सोनल ओरडली.

आलो, लो, ओ, असं कड्याकड्यावरून उत्तर आलं. मी म्हटलं, अगं, आपण नाही. तू दरीला सांगते आहेस ना? दरी काही आपल्याबरोबर विमानातून आली नाही. मग काय म्हणायचं? तिने कंटाळून डोळे फिरवले आणि पुन्हा ओरडली, “आम्ही आलो.”

या वेळी लगेच काही आलं नाही. सोनल रेलिंगला टेकून वाट बघत राहिली. शिरीषने फोन काढला, रेंज नाही म्हणून परत खिशात टाकला. आणि मग खजुरीच्या बुंध्यांकडून, अगदी पाण्याच्या पातळीवरून, आवाज आला.

“आपण आलो.”

शेपूट नसलेला, पूर्ण, हळू आवाज. वर्गात नवीन मूल शब्द उच्चारून बघतं तसा.

मी शिरीषकडे पाहिलं. तो म्हणाला, पहिली हाक वळणाला जाऊन उशिरा फिरून आली, त्यात काय. टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून त्याने मला कडे आणि वळण काढून दाखवलं. मला पटलं नाही, पण पटवून घेतलं. सोनल मात्र कितीतरी वेळ त्या बुंध्यांकडे बघून हसत होती.

दिवस मावळताना वर पठारावरच्या वस्तीतली अजान पाण्यावरून बारीक होऊन आली. शिरीष सज्ज्यात गळ टाकून बसला होता. मी खिचडी टाकली. प्लायवूडच्या पलीकडे सोनल बोलत होती आणि मी कांदा चिरता चिरता थांबले, कारण ती मराठीत बोलत होती. एकही इंग्रजी शब्द नाही. माझ्याशी नाही तर नाही, पण स्वतःशी तरी बोलते आहे, या आनंदाने माझे डोळे भरून आले. कांद्याचं निमित्त होतंच.

“आपलं घर खालीच आहे, जिने नाहीत… माझ्या पलंगाखाली आणखी एक पलंग आहे, ओढला की बाहेर येतो…”

मग ती गप्प झाली. मग म्हणाली, “नाही, तिथे इतकं पाणी नाही.”

पुन्हा गप्प. या वेळी जास्त वेळ. स्वतःशी बोलणारं मूल असं थांबत नाही, हे मला शिक्षिका म्हणून माहीत आहे. मूल दोन्ही बाजूंचं स्वतःच बोलतं, आवाज बदलून बोलतं. सोनल थांबत होती, ऐकत होती आणि मग उत्तर देत होती. आणि ती थांबली की प्रत्येक वेळी खिडकीखाली पाणी बोटीला लागल्याचा आवाज येत होता. वारा नव्हता. दुसरी होडी नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “आपण उद्या सकाळी जाणार. सगळे.”

मी गॅस बंद करून आत गेले. खिडकी सताड उघडी. पडद्याची खालची कड ओली होऊन थेंब गळत होते. सोनल खिडकीच्या चौकटीवर गाल टेकून बसली होती आणि तिच्या समोर अंधारत चाललेल्या पाण्याशिवाय काही नव्हतं. वास मात्र खोलीभर होता.

“कुणाशी बोलत होतीस?”

“आम्ही बोलत होतो,” ती म्हणाली.

माझ्या तोंडून आधी ‘शाब्बास’ निघून गेलं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द बरोब्बर जागी पडला होता. अर्थ मागून पोचला.

“आम्ही… म्हणजे कोण गं?”

“आम्ही म्हणजे तू नाही, आई,” ती समजावल्यासारखं म्हणाली. “तूच शिकवलंस ना.”

मी खिडकी लावली, कडी घातली. शिरीषला सांगितलं तर त्याला वाटलं, पोरीने खोडी काढली आणि मास्तरीणबाई घाबरल्या. रात्री सोनलला दोघांच्या मध्ये घेतलं. ती लगेच झोपली. मी तिच्या पोटावर हात ठेवून उजाडेपर्यंत बसून होते आणि पलीकडच्या रिकाम्या खोलीत काही हललं की मी तो पाण्याचा आवाज आहे असं स्वतःला सांगत होते.

सकाळी जुनैद आला तेव्हा सामान बांधून मी सज्ज्यातच उभी होते. दोर सोडताना त्याला हळूच विचारलं की इथला आवाज कधी वेगळं काही बोलतो का. म्हणजे आपण एक ओरडावं आणि त्याने दुसरंच म्हणावं, असं. तो दोर गुंडाळत राहिला.  मग म्हणाला, “मी कधी वरडलो नाय, वहिनी. गिऱ्हाइकं वरडतात.”

“का नाही ओरडलात?”

 पोरीला आधी होडीत बसवा म्हणाला.

होडी बोटीपासून सुटली तसं माझं डोकं भणभणायला लागलं. काल पोरीने चुकून जे बोलावणं दिलं ते मोडून टाकायला हवं, एवढंच मला सुचत होतं. आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. परक्याच्या दारातून उठतानाही ‘येतो’च म्हणतो, कारण ‘जातो’ म्हणजे कायमचं. मला तेच हवं होतं. मी होडीत उभी राहिले आणि होता नव्हता तो जोर लावून दरीकडे तोंड करून ओरडले, “आम्ही जातो.”

शिरीष चिडलाच. असं अभद्र काय बोलतेस, येतो म्हण, असं म्हणून त्याने माझा हात ओढून मला खाली बसवलं.

पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी उत्तराची वाट बघत होते. जुनैदनेही इंजिनच्या दोरीला घातलेला हात तसाच ठेवला होता. दोन्ही बाजूंना तेच उंच कडे, तेच वळण, आणि माझा आवाज चांगला खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. परत काहीच आलं नाही. ‘जातो’ नाही, ‘तो’ नाही, नुसता सूरसुद्धा नाही. एखाद्या सामान हलवलेल्या घरात हाक मारावी आणि आत कुणी नसावं, तसं.

“आवाज आला नाय…” जुनैद पुटपुटला. त्याने कड्यांकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि सोनलच्या शेजारच्या मोकळ्या फळीवर त्याची नजर जरा जास्त वेळ राहिली. मग त्याने इंजिन चालू केलं आणि होडी थेट धक्क्याला नेऊन लावली. बक्षिसी द्यायला शिरीषने हात पुढे केला तर ती न घेताच पाठ फिरवून गेला.

घरी आलो आणि सगळ्यांनी माझं कौतुक सुरू केलं. एका सुट्टीत पोरीची मराठी सुधारली म्हणून. खरंच सुधारली होती. सोनल आता ‘काल पुष्कळ वारा सुटला होता’ म्हणायची, ‘ताक घुसळतेस का’ विचारायची. नाशिकला तिची आजी फोनवर रडली आनंदाने. मीच वेडी, मला त्या मराठीत काही गोड वाटेना. कारण ती सगळी मराठी माझी होती. मी घरात जे जे बोलले होते ते, माझ्याच हेलात, माझ्याच जागी श्वास घेऊन. कुणीतरी ऐकून ऐकून पाठ करावं तसं.

आणि माझ्याशी बोलताना ती कधी ‘मी’ म्हणायची नाही. आम्ही अभ्यास केला. आम्हाला भूक नाही. वेणी घालू का विचारलं तर म्हणायची, राहू दे, आमचं आम्ही करतो. खालचा पलंग रोज ओढून ठेवायची आणि मी आत ढकलला की चिडायची. शिरीष तिला पेशवीणबाई म्हणायला लागला. मोठेपणा अंगात आला की माणूस ‘आम्ही’ म्हणतोच, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंनीही मनातली मैत्रीण असेल, मोठी झाली की विसरेल, असं सांगून परत पाठवलं. पण मला रोज दिसत होतं ते या दोघांना दिसत नव्हतं. माझी पोर माझ्या कुशीत येत नव्हती. जवळ घ्यायला हात पुढे केला तर ती अंग चोरायची, आणि पाठीमागे वळून कुणाकडे तरी बघायची. जिच्या तोंडी माझी भाषा यावी म्हणून मी जीव टाकला, तिने त्याच भाषेत मला बाहेर काढलं होतं, आणि व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

गेल्या मंगळवारची गोष्ट. शाळेतून आल्यावर सोनलने डबा तसाच परत आणलेला दिसला. चार दिवस ती नीट जेवत नव्हती, मनगटं बारीक दिसत होती. मी गरम वरणभात केला, वर तूप घातलं, लिंबू पिळलं. दोन ताटं वाढली आणि म्हटलं, चल, आपण जेवू या.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. “तू जेव,” म्हणाली. “आम्ही नंतर.”

मग माझा बांध फुटला. मी जमिनीवरच बसले. म्हटलं, सोनू, आई आहे मी तुझी. मला काही नको गं, फक्त तुझ्यात घे मला. एकदा ‘आपण’ म्हण माझ्याशी. पूर्वी चुकायचीस तशी चुकून म्हण.

 मग तिने शेजारी पाहिलं, आपल्याच उंचीवर, आणि काहीतरी ऐकलं. खोलीत एसीचा आवाज होता आणि त्याखाली तो रांजणाच्या तळाचा वास.

“आई,” ती अगदी हळू म्हणाली, “तू आपण म्हणतेस… पण त्यात तिला घेत नाहीस. तिला कळतं ते.”

 भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीपेक्षा सोनलच्या बारीक मनगटांची काळजी मोठी होती. मी उठले. मांडणीतून आणखी एक ताट काढलं. भात वाढला, वरण वाढलं, तूप सोडलं, लिंबाची फोड ठेवली. ताट सोनलच्या शेजारी मांडलं. मग मान वर करून, सोनलकडे नाही, तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हटलं, “चला… आपण जेवू या.”

सोनल धावत आली आणि माझ्या मांडीत शिरली. केसांना तिचा नेहमीचा वास होता. ती पोटभर जेवली, पुन्हा भात मागून घेतला, आणि तोंडात घास घोळवत म्हणाली, “आई, आपण रोज असंच जेवायचं.” मी तिला घट्ट धरलं. इतकी सुखावले मी, सांगता येत नाही. तिसऱ्या ताटाकडे मी पाहिलं नाही. नंतर ताटं उचलताना तेवढं दिसलं की ते चाटूनपुसून स्वच्छ होतं आणि त्याच्या काठाला तांबूस गाळाची रेघ होती.

संध्याकाळी शिरीष कामावरून आला. बेल वाजली तसं सोनल पळत गेली, दार तिनेच उघडलं. कितीतरी दिवसांनी पोर अशी खुलली होती, तो बघतच राहिला.

“बाबा, आम्ही तिघी जेवलो,” ती म्हणाली. “तुझं झाकून ठेवलंय.”

शिरीष खळखळून हसला. “तिघी नाही गं वेडे, दोघी,” असं म्हणून त्याने बॅग खुर्चीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. “काय मास्तरीणबाई, चुकलं की नाही तिचं?”

सोनलही माझ्याकडे बघत होती. तिचा एक हात माझ्या हातात होता. दुसऱ्या बाजूनेही माझी बोटं कुणीतरी धरली होती, गार, थोड्या ओल्या हाताने.

“हात धुऊन घे,” मी शिरीषला म्हटलं. “तुझं वाढते.”